संकल्पातून गळलेला भाऊ

परक्याच्या भाग्याने माणसाला फारसे दुःख होत नाही. दूरच्या नगरीत कोणी सिंहासनावर बसला तर आपण ते वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. मत्सराला जवळचा माणूस लागतो. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, ज्याचे गुण आणि उणिवा आपणांस तोंडपाठ आहेत, त्याच्या अंगणात आपल्याला हवे असलेले फळ पडले की सज्जनाच्याही अंतःकरणात अशी एक वासना जागी होते की तिचे खरे नाव उच्चारण्याचे धैर्य त्याला होत नाही. तो तिला काळजी म्हणतो, विवेक म्हणतो, क्वचित तत्त्वनिष्ठाही म्हणतो. ती जागी होणे कोणाच्याच हाती नसते. जागी झाल्यावर तिला घरात किती दिवस ठेवून घ्यायचे, एवढेच माणसाच्या हाती उरते.

पंचवटीतील हिरावाडीत राहणारे पुंजाराम घुमरे आणि सातपूरच्या कामगार वसाहतीत राहणारे त्यांचे धाकटे बंधू गोटीराम यांच्यामध्ये गोदावरीखेरीज दुसरे काही अंतर नाही, असे दोघांनाही पुष्कळ वर्षे वाटत आले होते. दिंडोरी तालुक्यातील आपल्या गावाहून दोघे एकाच वर्षी शहरात आले. गोटीराम एका कारखान्यात लेथ मशीनवर लागले आणि केस पांढरे होईपर्यंत पाळ्यांच्या चक्रात फिरत राहिले. पुंजाराम लोकांत रमले. नळ, गटारे, पथदिवे, दाखले आणि शेजाऱ्यांची भांडणे यांत त्यांचे तारुण्य गेले; लोकांनीही त्यांना पुनःपुन्हा महापालिकेत निवडून पाठवले. सभागृहात ते बोलायला उभे राहिले की विरोधी बाकांवरची कुजबुज थांबत असे.

एका वर्षी महापौरपद त्यांच्या अगदी उंबरठ्याशी आले. पक्षात त्यांच्या नावावर एकमत झाले होते. समारंभात महापौर जो झगा घालतात तो आपल्या उंचीला आखूड पडणार नाही ना, अशी चौकशीही त्यांनी एका शिपायाकडे हळूच करून ठेवली होती. मग मुंबईत आरक्षणाची सोडत निघाली आणि नाशिकचे महापौरपद त्या खेपेस महिलांसाठी राखीव झाले. नियम न्याय्य होता. त्या नियमाच्या बाजूने सभागृहात त्यांनी स्वतः भाषण केले होते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. पुढे पक्ष फुटले, प्रभागांच्या हद्दी बदलल्या, वय झाले. झगा दुसऱ्यांच्या खांद्यांवरून फिरत राहिला. रविवार कारंजावरील चहाच्या दुकानात मित्र मात्र त्यांना अजूनही ‘या महापौर’ म्हणत, आणि तेही हसत. घरी आल्यावर त्या दिवशी ते कमी बोलत.

त्यांना एकच कन्या, संजना; ती मनमाडला शाळेत शिकवते. गोटीरामांना एकच मुलगा, ललित. हा ललित लहानपणी सुट्टीत हिरावाडीला येऊन राही आणि काकांच्या स्कूटरवर मागे बसून सगळा प्रभाग हिंडे. दार वाजवले की आधी पाण्याची चौकशी करायची, मताचे नाव निघताना काढायचे, हे पुंजारामांनी त्याला तेव्हाच सांगितले होते. मुलगा हुशार निघाला. अभियंता झाला, अमेरिकेस गेला, तेथेच संसार मांडला, तेथील नागरिक झाला. ब्रॅमफर्ड नावाच्या, नाशिकहून बऱ्याच लहान अशा एका नदीकाठच्या शहरात तो प्रथम नगरसेवक झाला. आणि यंदा त्याने महापौरपदासाठी अर्ज भरला.

ही वार्ता घेऊन गोटीराम पेढ्यांसह हिरावाडीला आले. पुंजारामांनी एक पेढा तोंडात टाकला आणि विचारले, “त्याच्या बाजूला नगरसेवक किती?”

गोटीरामांनी सांगितले की तिकडे नगरसेवक महापौर निवडत नाहीत. लोकच थेट मत देतात.

“आणि सोडत?”

“ती नसते म्हणे, दादा.”

पुंजारामांनी पेढा गिळला. “मग ते आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखं झालं. छोट्या गावात असतो तसा. त्याला महापौर नाही म्हणत.”

“असेल,” गोटीराम म्हणाले. “मला कुठं काय कळतंय त्यातलं. तुम्ही म्हणाल तसं.”

धाकट्या भावाच्या या नम्रतेत खोट शोधण्याचा पुंजारामांनी प्रामाणिक प्रयत्न केला. ती सापडली नाही, म्हणून ते अधिकच खट्टू झाले. त्याच आठवड्यात चहाच्या दुकानात कोणीतरी बाक पुसत म्हणाले, “सरका रे, महापौरांचे काका आले.” इतकी वर्षे जी पदवी त्यांना बोचत होती, ती काढून घेतल्यावर ती आपल्याला प्रिय होती असे त्यांच्या ध्यानात आले.

पुढे ललितच्या एका सभेचे चित्रण फोनवर आले. पुंजारामांनी ते दार लोटून एकट्याने पाहिले. इंग्रजी त्यांना कामापुरते समजे. ललित आपल्या वडिलांविषयी बोलत होता: कारखान्याची पाळी, ॲल्युमिनियमचा डबा, तेलाने काळी झालेली बोटे. समोरचे गोरे-काळे स्त्रीपुरुष उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुंजारामांनी ते पुन्हा लावले. भाषेमुळे आपले नाव निसटले असेल, या आशेने त्यांनी शेजारच्या वेदिकेला बोलावले. महाविद्यालयात जाणाऱ्या त्या मुलीने सगळे नीट ऐकले आणि म्हणाली, “नाही आजोबा, फक्त वडिलांबद्दलच आहे.”

स्कूटर कोणाची होती? दार कोणी वाजवायला शिकवले? पाळीचा डबा लोकांपुढे मांडून टाळ्या मिळतात, हे तरी त्या मुलाला कोणापासून कळले? असे प्रश्न ते कोणालाही विचारू शकत नव्हते, म्हणून त्यांनी त्यांचे रूप पालटले. परक्या मुलखात एवढे पुढे येणे बरे नव्हे, असे ते म्हणू लागले. तिकडे बंदुका असतात, लहान लेकरे आहेत, नोकरी चांगली आहे, कशाला ही उठाठेव. त्यांच्या पत्नी लंकाबाई तांदूळ निवडत हे सारे ऐकून घेत. एकदा मान वर न करता त्या म्हणाल्या, “तुम्हाला तो पडायला हवाय.”

पुंजारामांनी चष्मा लावला आणि वर्तमानपत्र उघडले. उत्तर त्यांच्यापाशी होते, आणि ते लंकाबाईंनी आधीच देऊन टाकले होते.

मतदान जवळ आले तेव्हा गोटीराम पुन्हा नदी ओलांडून आले. सातपूरच्या घरी गणपतीची पूजा आणि अथर्वशीर्षाची आवर्तने करावयाची त्यांनी योजली होती. त्यांच्या पत्नी काही वर्षांपूर्वी निवर्तल्या होत्या. पत्नीच्या जागी कमरेला सुपारी लावून एकट्याने पूजेस बसता येते, असे गुरुजींनी त्यांना सांगितले होते. तरी त्यांच्या मनास ते येईना. “दादा, घरातले मोठे तुम्ही. तुम्ही आणि वहिनी जोडीनं बसा,” ते म्हणाले. “तुमच्या हातचं पाणी पोचेल.”

नाही म्हणायला कारण नव्हते. गुडघ्यांचे निमित्त पुंजारामांनी काढून पाहिले. त्यावर गोटीराम म्हणाले की पाट उंच ठेवू. रिक्षातून जाताना लंकाबाईंनी इतकेच सांगितले की आज तोंड गोड ठेवा. दुसऱ्याच्या विजयासाठी आपल्याच हाताने पाणी सोडायचे, आणि ते सोडताना मनात उलटे मागायचे, एवढे पातक आपल्या हातून होईल काय, याची पुंजारामांना खरोखरीच भीती वाटत होती. कारण आपले मन त्यांना ठाऊक होते.

गायधनी गुरुजी दोन सहकाऱ्यांसह आधीच येऊन बसले होते. घरात ललितच्या बालपणीचे एक छायाचित्र पुसून चौरंगाजवळ ठेवले होते. शेजारची मंडळी जमली होती. त्यांपैकी एकाने शंका काढली की अमेरिका कोणत्या द्वीपात येते, आणि आपला संकल्प तेथवर कसा जावा? गुरुजींनी ती शंका आदराने ऐकली. त्यांचे काही यजमान तिकडे आहेत आणि त्यांच्यासाठी ते फोनवरून पूजा सांगतात, त्यामुळे हा विचार त्यांनी पूर्वीच केलेला होता. ते म्हणाले, की संकल्पात करणाऱ्याचे स्थान उच्चारतात. ज्याच्यासाठी करायचे तो कोठेही असो, त्याचे आपल्याशी असलेले नाते तेवढे अचूक सांगावे लागते. फळ नात्याच्या वाटेने जाते.

मग पुंजारामांच्या उजव्या हाती अक्षता आणि पाणी देऊन त्यांनी संकल्प सांगण्यास प्रारंभ केला. गुरुजी थोडेथोडे म्हणत आणि पुंजाराम मागून म्हणत. ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ असे गुरुजी म्हणाले तेव्हा पुंजाराम सवयीने ‘उत्तरे तीरे’ म्हणून गेले, कारण पंचवटीतील घरी आजवर तसेच म्हणत आले होते. सगळे हसले. “दादा, पूल ओलांडून आलात तुम्ही,” गोटीराम म्हणाले, आणि पुंजारामही हसले.

तिथी, वार, नक्षत्र झाले. गुरुजी हेतूपाशी आले.

“मम,” ते म्हणाले.

“मम,” पुंजाराम म्हणाले.

“भ्रातृपुत्रस्य.”

“पुत्रस्य.”

गुरुजी थबकले. त्यांनी तेच पद पुन्हा सावकाश उच्चारले, “भ्रातृपुत्रस्य.”

पुंजारामांचे ओठ हलले. “पुत्रस्य,” ते म्हणाले. आणि या वेळी आपण काय म्हणालो हे त्यांना स्वतःला ऐकू आले.

भावाचा मुलगा या अर्थाचा तो समास. त्यातील पहिले पद गळले की मुलगा उरतो आणि भाऊ नाहीसा होतो. जीभ अडखळली असे जमलेल्या लोकांना वाटले असेल. पुंजारामांच्या डोळ्यांपुढे मात्र त्या क्षणी एक परके सभागृह होते, झगा घातलेला ललित होता, पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर ते स्वतः होते. आणि त्या साऱ्या सभागृहात गोटीराम कोठेच नव्हते.

गुरुजी तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच गोटीरामांनी हात जोडले. “राहू द्या गुरुजी,” ते म्हणाले. “दादा बरोबर बोलले. पोरगा त्यांचाच. मी नुसता डबा घेऊन पाळीला जायचो.”

शेजारच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. असा थोरला भाऊ मिळायला भाग्य लागते, असे कोणीसे म्हणाले. गुरुजींनी क्षणभर यजमानांच्या मुद्रेकडे पाहिले, आणि यजमान काहीच बोलत नाहीत असे पाहून ‘ललितनाम्नः महापौरपदप्राप्त्यर्थम्’ हे पुढचे पद घेतले. पाणी ताम्हनात पडले. लंकाबाईंनी पतीच्या हाताला नेहमीप्रमाणे आपला हात लावला होता.

आवर्तने सुरू झाली. तिघांचे आवाज एकमेकांत मिसळून घर भरून गेले. पुंजाराम दूर्वा वाहत होते. ज्या लबाडीबद्दल त्यांना बोल लागायला हवा होता तिच्याबद्दल त्यांना भक्ती मिळाली होती. भावाने रागाने पाहिले असते तर ते सहज सावरले असते. अर्धे आयुष्य त्यांनी रागावलेल्या लोकांना समजावण्यात घालवले होते. कृतज्ञतेपुढे त्यांना काही सुचेना. गोटीराम दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकास हलक्या आवाजात सांगत होते, की दादांनी ललितला मुलगा म्हटले, आणि तेही दोनदा.

शेवटी श्रेयोदानाची वेळ आली. ब्राह्मणांनी केलेल्या पठणाचे पुण्य या वेळी ते यजमानांच्या हाती रीतसर देऊन टाकतात. नारळावर अक्षता आणि पाणी घालून तो यजमानांच्या ओंजळीत ठेवतात. गुरुजींनी तसा तो पुंजारामांच्या ओंजळीत ठेवला. आता सारे फळ त्यांचे होते. पद्धतीप्रमाणे नारळ मस्तकास लावून त्यांनी बाजूस ठेवावयाचा होता आणि मंडळींनी पानावर बसावयाचे होते.

पुंजारामांनी तो ठेवला नाही. “गुरुजी,” त्यांनी विचारले, “हे दुसऱ्याला देता येतं?”

“आपलं श्रेय आपल्याला हवं त्याला देता येतं,” गुरुजी म्हणाले. “मनापासून द्यावं मात्र.”

“गोट्या, इकडे ये. हात पुढे कर.”

गोटीराम आले. त्यांनी हात पुढे केले. पण पुंजारामांच्या ओंजळीतून नारळ सुटेना. मनापासून, हा शब्द त्यांच्या आड आला होता.

“मघाशी तुझं नाव गाळलं मी,” ते म्हणाले. “जीभ अडखळली नव्हती. तू नको होतास मला तिथं. पोरगा हवा होता, तू नको होतास. आणि तो पडावा असंही मागितलंय मी देवाजवळ. बरेच दिवस मागतोय.”

शेजारच्या बायांनी एकमेकींकडे पाहण्याचेही टाळले. गोटीराम पुढे केलेले हात तसेच ठेवून उभे राहिले. मग ते हात त्यांनी मागे घेतले आणि पाटावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा उजेड गेला होता. ललितच्या छायाचित्राकडे त्यांनी पाहिले, भावाकडे पाहिले नाही.

“तुमची मिरवणूक निघायची गुलालाची,” ते म्हणाले. “मी रात्रपाळी करून यायचो, मला झोप लागायची नाही त्या ढोलांनी. लोक मला म्हणायचे, नगरसेवकाचा भाऊ आहेस, मशीनवर काय करतोस? माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं, दादा. मी नगरसेवकाचा भाऊ. सोडत निघाली ना तुमची, तेव्हा मी तुमच्याकडे येऊन रडलो होतो. आठवतं?”

“आठवतं.”

“रडलो ते खरं होतं. पण सकाळी कंपनीत बातमी कळली, तेव्हा आधी बरं वाटलं होतं मला.”

पुंजारामांचे कपाळ तापले. क्षमा मागावयास उभा असलेला मनुष्य दुसऱ्याची क्षमायाचना ऐकावयास तयार असतोच असे नाही. “इतकी वर्षं बोलला नाहीस,” ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात सभागृहातील जुनी धार आली.

“तुम्ही तरी कुठं बोललात? तुम्ही मला नगराध्यक्ष शिकवत बसलात.”

कोणीतरी हसू दाबले. ते लंकाबाईंचे होते. मग त्यांना ते दाबणे अशक्य झाले आणि त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. “झालं का दोघांचं?” त्या म्हणाल्या. “म्हातारे झालात तरी वाटणी सुरूच. भाऊजी, उठा. गुरुजी पहाटेपासून उपाशी आहेत.”

गोटीराम उठले. त्यांच्या ओठांवर हसू नव्हते, पण ते उठले. पुंजारामांच्या रागालाही आता कोठे बसावे हे समजेना. तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आले की जे आपल्या मनात होते तेच समोरच्याच्या मनातही होते, आणि तरीही हा मनुष्य दर दिवाळीला पूल ओलांडून आला होता. त्यांनी गुरुजींना विनंती केली की ते पद पुन्हा सांगावे. गुरुजींनी नारळ धरलेल्या त्या ओंजळीतच नवे पाणी दिले.

“मम,” गुरुजी म्हणाले.

“मम.”

“भ्रातृपुत्रस्य.”

“भ्रातृ,” पुंजाराम म्हणाले, आणि श्वास घेऊन, “पुत्रस्य.”

व्याकरणाच्या दृष्टीने समास असा मधे तोडू नये. गुरुजींनी तो तसाच मान्य केला. पाणी सुटले, आणि नारळ एका ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत गेला. देताना पुंजारामांना आतून सुख झाले काय? पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही. नारळ हातून गेल्यावर हात रिकामा वाटला, आणि तो रिकामा वाटला याची त्यांना लाज वाटली नाही, एवढेच निश्चित सांगता येते.

मग पाने वाढली. मोदक कोणाला किती वाढायचे यावरून दोघे भाऊ पुन्हा एकदा थोडे बोलले. जेवण होत असताना ललितचा फोन आला. तिकडे त्याची झोपायची वेळ झाली होती, गळा बसला होता. वडिलांनी पूजा नीट झाल्याचे सांगितले आणि फोन न विचारताच थोरल्यांच्या हाती दिला. पुंजाराम क्षणभर त्या थकलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. भाषणात माझे नाव का नव्हते, हा प्रश्न जिभेवर आला होता. तो तेथेच राहिला. त्यांनी विचारले की नदीपलीकडच्या वस्तीत जाऊन आलास काय. ललित म्हणाला, तिकडे आपली मते नाहीत.

“म्हणूनच जा,” पुंजाराम म्हणाले. “मत मागू नको. पाण्याचं विचार फक्त. आणि आता झोप. बाप काळजी करतो तुझा.”

ब्रॅमफर्डचे मतदान अद्याप व्हावयाचे आहे. तेथील नागरिक आपल्या बुद्धीप्रमाणे आपला महापौर निवडतील, आणि तो त्यांचा अधिकार आहे. ललितला यश येवो, आणि न आल्यास त्याची निद्रा न भंगो. त्याच्याविरुद्ध उभा असलेला जो कोणी सद्गृहस्थ किंवा सद्गृहिणी असेल, त्यांच्या घरीही त्या दिवशी चूल सुखाने पेटो. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर वृद्धत्वास आलेल्या त्या दोन भावांना एकमेकांचे सुख पाहण्याइतके आयुष्य मिळो, आणि ते पाहताना होणारा थोडासा दाह सोसण्याइतके बळही. सर्वांचे कल्याण असो.